वरचा ओठ नसलेले फूल

गवत कापायचे यंत्र चिखलात रुतले नसते तर पुढचे काहीच घडले नसते, असे ऑर्विल स्कार आजही मानतो. त्याची बायको लव्हॉन मात्र मानते, की ऑर्विल निवृत्त झाला नसता तर पुढचे काहीच घडले नसते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु यंत्र रुतले हे चारचौघांत सांगता येते. निवृत्तीचे तसे नाही.

ऑर्विल चीजचा पारखी होता. विस्कॉन्सिनमधल्या ऑस्टरडाल गावच्या कारखान्यात त्याने हयातभर एकच काम केले. चीजच्या थोराड लादीत पोलादी नळी खुपसायची, आतला लांबट तुकडा बाहेर काढायचा, नाकाशी धरायचा, आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नसे. मोठमोठे कारखानदार टोपी हातात घेऊन त्याच्या नाकाकडे पाहत उभे राहिले होते. निवृत्तीनंतर मात्र त्याला कोणी काही विचारीनासे झाले. घरातले पडदे बदलले गेले, आणि ते बदलले हे त्याला आलेल्या पाहुण्यांकडून कळले.

अशा मनःस्थितीत मे महिन्यात अंगणाच्या खोलगट कोपऱ्यात यंत्र रुतले. ते बाहेर काढताना ऑर्विलचा एक बूट आत राहिला आणि तो कोपरा न कापता सोडून द्यावा असे त्याने ठरवले. ऑस्टरडालमध्ये गवत वाढू देणे म्हणजे दाढी न करता चर्चमध्ये जाणे. पण पराभवाला तत्त्वाचे रूप देता आले की माणूस ताठ चालू शकतो. "निसर्गाला थोडी मोकळीक द्यायला हवी," असे तो म्हणू लागला.

निसर्गाने ती मोकळीक घेतली. जुलै उताराला लागला तेव्हा त्या ओल्या कोपऱ्यातून गुडघ्याच्या वर पोचणारे तुरे उभे राहिले. रंग असा, की जांभळा म्हणावे तर तो गुलाबीकडे पाहतो, आणि गुलाबी म्हणावे तर मान फिरवतो. संध्याकाळी उन्हाची तिरीप त्यांच्यावर रेंगाळे आणि भुंगे त्या रेंगाळण्याला आवाज देत. ऑर्विल कितीतरी वेळ पाहत राहिला. मग वाकून त्याने एक तुरा नाकाशी धरला.

वास नव्हता. ज्या नाकापुढे आयुष्यभर चीजने आपली सगळी पापे कबूल केली, त्या नाकापुढे हे फूल मौन धरून उभे होते. ऑर्विलच्या मनात त्या क्षणी जे दुखावले, त्याला नाव मिळेपर्यंत ते शमणार नव्हते. नाव त्याचेही आणि फुलाचेही.

ग्रंथालयातून आणलेल्या रानफुलांच्या पुस्तकाने पहिला धडा दिला: देठ बोटांत फिरवून पाहा. त्याने फिरवला. देठ चौकोनी होता, आणि पाने समोरासमोर जोडीने होती.

"पुदिन्याच्या कुळातलं आहे!" तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला.

"मग वास का नाही येत?" लव्हॉनने बटाटे सोलता सोलता विचारले.

"प्रत्येक कुळात एखादा तसा निघतोच. तुझा लॉइडमामा नाही का?"

लव्हॉनने मान वर केली नाही. पण त्या दिवशी बटाट्यांत लोणी पडले नाही.

कुळ मोठे होते. पुस्तकात त्याची पानेच्या पाने होती, आणि सगळी चित्रे एकमेकांची सख्खी भावंडे वाटत. ऑर्विलने फोनला विचारले. फोनने पहिल्यांदा एक नाव सांगितले, दुसऱ्यांदा दुसरे, आणि तिसऱ्यांदा चित्रात ऑर्विलचा अंगठा आल्यामुळे आत्मविश्वासाने अळिंबी सांगितली. शेवटी त्याने पेट्रोल पंपावरच्या कॉफीमंडळींपुढे विषय काढला. ही मंडळी रोज सकाळी तिथल्या बाकांवर बसून पाऊस, मका आणि परगावच्या लोकांचे वाहन चालवणे या तीन विषयांचा निकाल लावतात.

"मांजरांना चढतं ते गवत असणार," मिल्टन ग्रूबा म्हणाला. मिल्टन आयुष्यभर छपरे शाकारत आला होता, आणि उंचावरून पाहिल्यामुळे आपल्याला सगळे दिसते असा त्याचा समज होता. "माझी मांजर आणतो. ती लोळली तर तेच."

मांजर आणली गेली. तिने कोपऱ्याचा वास घेतला, ऑर्विलकडे एक अत्यंत व्यक्तिगत दृष्टिक्षेप टाकला, आणि ती त्याच्या उरलेल्या बुटात जाऊन झोपली.

"लोळली नाही," ऑर्विल म्हणाला.

"झोपली ना? गुंगी आली तिला!" मिल्टन म्हणाला.

या अपमानाच्या भरात ऑर्विलच्या तोंडून दुसऱ्या दिवशी पंपावर एक शब्द निसटला, आणि तो पुढे त्याला फार जड गेला. तो म्हणाला, "दुर्मीळ असणार ते."

तो शब्द दुपारपर्यंत डार्लीन पुखाल्स्कीच्या कुंपणापाशी पोचला. डार्लीन म्हणजे शेजारीण. ऑर्विलहून थोडी वडील, विधवा, आणि कुंपणालगतच्या फुलांच्या लांबलचक वाफ्याची धनीण. त्या वाफ्याच्या मधोमध उंच, झगझगीत किरमिजी तुऱ्यांची रांग होती. तिच्या आईची झाडे. शेत विकले गेले तेव्हा डार्लीनने भांडीकुंडी भावांना दिली आणि ही झाडे मुळांसकट आपल्या मांडीवर घेऊन आली. त्यांच्यापाशी मोटारी सावकाश होत. गावातले सुंदर अंगण म्हणजे डार्लीनचे, हे वर्षानुवर्षे ठरलेले होते. तिथे कोणी शेजाऱ्याने चिखलात दुर्मीळ काही उगवले म्हणून सांगावे, हे जरा जास्तच झाले.

संध्याकाळी डार्लीन लिंबाच्या वड्या घेऊन आली.

"सहज केल्या," ती म्हणाली.

ती गेल्यावर लव्हॉन ताटलीकडे पाहत म्हणाली, "काय केलंय हिनं?"

कारण ऑस्टरडालमध्ये तोंडावर कोणी कोणाला वाईट बोलत नाही. जे बोलायचे ते योग्य त्या कार्यालयात बोलले जाते, आणि मनाला लागलेली टोचणी बेकिंगच्या भांड्यातून पोचती केली जाते. वडी जितकी मऊ, तितके प्रकरण गंभीर. या वड्या जिभेवर विरघळत होत्या.

दुसऱ्या दिवशी जीन व्हॅन्डेहाय आला. जीन हा गावचा नेमलेला तणाधिकारी. चर्चच्या गायकवृंदात तो ऑर्विलच्या शेजारी उभा राहून खर्जात गातो. त्याने टोपी काढली, आभाळाबद्दल चार शब्द बोलला, मग तळ्यातल्या माशांबद्दल, मग ऑर्विलच्या गुडघ्याबद्दल, आणि दाराच्या मुठीला हात लावून निघता निघता म्हणाला, "बरं, तुझ्या कोपऱ्याचं... म्हणजे तसं विशेष काही नाही म्हणा..."

"काय कोपऱ्याचं?"

"ती जांभळी आहे म्हणतात."

जांभळी म्हणजे पर्पल लूसस्ट्राइफ. परदेशातून आलेले, दिसायला देखणे आणि दलदलींच्या दलदली गिळून टाकणारे तण. तिचे चित्र पोस्टात, बँकेत आणि शाळेच्या दारावर गुन्हेगाराच्या चित्रासारखे लावलेले असते.

"कोण म्हणतं?"

"नाव सांगता येत नाही. तक्रार निनावी आहे."

तिघांचीही नजर टेबलावरच्या ताटलीकडे गेली.

"वडी घे ना, जीन," लव्हॉन म्हणाली.

"नको," जीन खजील होऊन म्हणाला. "मलाही आल्यात."

मग जीनने कर्तव्य उरकले. "सोमवारी गावचा ट्रॅक्टर येईल आणि कोपरा कापून जाईल. त्याआधी ते दुसरं काही आहे असं दाखव, म्हणजे रद्द करतो. मी स्वतःहून सांगू शकत नाही, बाबा. मला चार तणं ओळखता येतात, तीही हातात चित्र असेल तर."

जिल्ह्याच्या कार्यालयात एक वनस्पतितज्ज्ञ होते. ते उत्तरेला मासे धरायला गेले होते, जिथे फोन लागत नाही. त्यासाठीच लोक उत्तरेला जातात. फोनवरच्या बाईंचा आवाज मात्र मधाळ होता.

"फांदी घेऊन या ना तुम्ही. तज्ज्ञ परतले की बघतील."

"आत्ताच निघतो."

"थांबा हं. ती जांभळी असेल, तर ती गाडीतून नेता येत नाही. गुन्हा आहे तो."

"पण ती जांभळी नाहीच!"

"असं? मग दाखवायची काय गरज आहे?"

"ती जांभळी नाही हे तुम्ही सांगावं म्हणून!"

"ते आम्ही पाहिल्याशिवाय कसं सांगणार, साहेब?" बाई दुःखाने म्हणाल्या. त्यांच्या दुःखात खोट नव्हती. कारण नियमही खरा होता आणि दुःखही.

ऑर्विल फोन ठेवून व्हरांड्यात बसला. सोमवार जवळ येत होता. कोपऱ्यात तुरे वाऱ्याने हलत होते, नि त्यांना आपल्यावरच्या आरोपाची गंधवार्ता नव्हती. एका क्षुद्र ओल्या तुकड्यासाठी आपण इतके व्याकूळ का व्हावे, हे त्याने स्वतःला विचारले. मग त्याच्या ध्यानात आले, की निवृत्तीनंतर प्रथमच त्याने कशाबद्दल तरी आपले मत दिले होते आणि ते मत ट्रॅक्टरखाली जाणार होते.

तोडगा जीननेच काढला. गावच्या ट्रकशेडमागे मुलांच्या पोहायच्या फुगवायच्या टाक्यांत, जाळीखाली, जीन दर उन्हाळ्यात भुंगेरे पाळतो. ते भुंगेरे जगात एकच पदार्थ खातात: जांभळीची पाने. दलदलीत सोडले की ते तिची चाळण करतात.

"शनिवारी आणतो," जीन म्हणाला. "उपाशी ठेवून आणतो. खाल्लं तर जांभळी. नाही खाल्लं तर बघू."

चाचणी गुप्त ठेवायची असे ठरले. म्हणून शनिवारी दुपारी ऑर्विलच्या अंगणात घडीच्या खुर्च्यांना जागा उरली नाही. कोणी बिअर आणली, कोणी दाताखाली करकरणारे चीजचे ताजे गोळे आणले. मिल्टनने सॉसेज भाजायची शेगडी आणली आणि, कारण न सांगता, मांजरही. डार्लीन आपल्या बाजूला कुंपणालगत खुर्ची टाकून भरतकाम करत बसली. गळ्यातल्या दोरीला लटकणारे भिंग डोळ्याशी धरून ती टाका घाली, आणि टाका घालता घालता सगळे पाही.

जीनने बरणीचे झाकण काढले. तपकिरी, तिळाहून किंचित मोठे भुंगेरे पानांवर ओतले गेले. एका भुंगेऱ्याने पानाच्या कडेवर तोंड टेकवले.

"खातोय!" मिल्टन ओरडला.

"बघतोय," ऑर्विल म्हणाला.

भुंगेरा मागे सरला. दुसरा तुऱ्यावर चढला, टोकाला पोचला आणि रस्ता संपल्यासारखा उभा राहिला. सगळेच एकेक करून वर चढू लागले. मग पश्चिमेकडून एक झुळूक आली, सॉसेज तयार झाल्याची हाक आली, आणि लोकांनी पाठ फिरवली तेवढ्यात कोपरा भुंगेऱ्यांनी रिकामा केला.

"एकही पान खाल्लं नाही!" ऑर्विल पाने उलटीपालटी करत म्हणाला. "मिटलं ना, जीन?"

जीनच्या एका हातात सॉसेज होते आणि चेहऱ्यावर कायदा. "मिटलं कसं? भुंगेरे आहेत कुठे? पाखरांनी खाल्ले असतील. नाहीतर या गर्दीला भ्याले असतील. ते काय आहे ते सांगणं माझ्या अधिकारात नाही, ऑर्विल. आणि ते काय आहे हे कळल्याशिवाय ट्रॅक्टर थांबवणंही माझ्या अधिकारात नाही."

"मग तुझ्या अधिकारात आहे तरी काय?"

जीनने प्रामाणिकपणे विचार केला. "भुंगेरे," तो म्हणाला.

रविवारी सकाळी, चर्चला निघण्याआधी, ऑर्विल कोपऱ्याचा निरोप घ्यावा तसा तिथे जाऊन उभा राहिला. आणि सहज त्याची नजर कुंपणापलीकडे गेली.

डार्लीनच्या आईच्या झाडांची पाने जाळीदार झाली होती. प्रत्येक पानावर तपकिरी ठिपके होते, आणि ठिपके हलत होते. अख्खी रांग कुरतडली जात होती, शांतपणे, मेजवानीला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांच्या एकाग्रतेने. ऑर्विलने त्या किरमिजी फुलांकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिले. पोस्टातले चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. इतकी वर्षे गाव त्या चित्राखाली उभे राहून तिकिटे विकत घेत होते आणि या वाफ्यापाशी मोटारी सावकाश करत होते. पण वाफ्यात आहे ते फूल, आणि खंदकात आहे ते तण, यापलीकडे कोणी पाहिलेच नव्हते.

एक फोन केला की कोपरा वाचत होता. भुंगेरे जिवंत होते, उपाशी होते आणि त्यांना जांभळी ओळखता येत होती. ऑर्विलचा निकाल शाबूत होता. फक्त त्यासाठी डार्लीनच्या आईकडे बोट दाखवायचे होते.

तो घरात आला. लव्हॉन टोपी घालत होती. त्याने तिला खिडकीशी नेऊन दाखवले.

ती बराच वेळ पाहत राहिली. "सांगणार आहेस जीनला?"

"नाही."

"मग उद्या ट्रॅक्टर?"

"येऊ दे. मुळं राहतीलच खाली," ऑर्विल म्हणाला.

लव्हॉनने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. ती अगोदरच सरळ होती. चर्चमध्ये जीन शेजारी खर्जात गात असताना ऑर्विलने सबंध स्तोत्रात तोंड फक्त गाण्यापुरते उघडले.

परत आले तेव्हा डार्लीन वाफ्यात उभी होती. तळहातावर तिने एक चाळण झालेले पान धरले होते, आणि पानावर एक भुंगेरा जेवत होता.

"ऑर्विल," ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "हे जीनचे किडे ना रे?"

"तसेच दिसतात खरे."

"आणि ते फक्त जांभळीच खातात."

"असं जीन म्हणतो. जीनला काय कळतंय!"

डार्लीनने पान उलटे केले, मग सुलटे केले. "तू सकाळी इथं उभा होतास. खिडकीतून दिसलास मला. पाहिलं होतंस ना?"

ऑर्विलने आभाळाकडे पाहिले. दुपारनंतर ढग येण्याची शक्यता आहे, असे काहीसे तो म्हणाला.

"मी ट्रॅक्टर बोलावला तुझ्यावर," डार्लीन म्हणाली.

"छे, छे," ऑर्विल घाईघाईने म्हणाला. "तक्रार निनावी होती."

डार्लीनच्या ओठांचा कोपरा हलला. हसण्याकडे की दुसरीकडे, ते तिलाही ठरवता आले नसावे. मग तिने आत जाऊन जीनला स्वतः फोन केला. जीन आला, आभाळाबद्दल बोलायचा प्रयत्न केला, आणि डार्लीनने त्याला अर्ध्यातच थांबवले.

"ट्रॅक्टर नको. यंत्राखाली नाही जायची ती. मी माझ्या हातानं काढीन. आजच."

कोणी कोणाला बोलावले नाही. ऑर्विल फावडे घेऊन आला, लव्हॉन हातमोजे घेऊन, आणि जीन मुळे भरायला काळ्या पिशव्या घेऊन. मुळे जुन्या खांबांसारखी घट्ट होती. डार्लीन प्रत्येक गड्डा पिशवीत जाण्याआधी त्याच्यावरची माती बोटांनी झटकत होती, जशी पाहुण्याला निरोप देताना कोटावरची धूळ झटकावी. "कंबर सांभाळ," एवढेच ती ऑर्विलला म्हणाली, आणि ऑर्विलला ते पुरले.

काम झाल्यावर ती उठली, हात धुतले, आणि कुंपणाला वळसा घालून थेट त्याच्या कोपऱ्यात गेली. "ज्याच्यापायी एवढं झालं, ते बघू तरी," म्हणत तिने भरतकामाचे भिंग डोळ्याशी धरले आणि तुऱ्यावर वाकली. तिने खूप वेळ घेतला. वाकून पाहणाऱ्या त्या म्हाताऱ्या पाठीवर ऊन पडले होते, आणि फुलेही जणू पहिल्यांदाच कोणी नीट विचारपूस करावी तशी निश्चल उभी होती.

"अरे," ती म्हणाली, "याला वरचा ओठच नाही की!"

"काय?"

"हे बघ ना. खालचा ओठ हा एवढा मोठा, लोंबता. आणि वर काहीच नाही. जिथं ओठ हवा तिथून हे केसर कमान करून बाहेर आलेत. तुम्ही पुरुष इतके दिवस काय बघत होता?"

ऑर्विल पुस्तक आणायला धावला. लव्हॉनच्या म्हणण्याप्रमाणे तो गेल्या कित्येक वर्षांत धावला नव्हता. पुदिन्याच्या कुळातल्या त्या सगळ्या भावंडांत वरचा ओठ नसलेले एकच होते, पानाच्या दुमडलेल्या कोपऱ्याआड लपलेले: जर्मेंडर. इथलेच, पूर्वापार इथलेच, ओल्या जमिनीचे.

"जर्मेंडर," ऑर्विल म्हणाला. त्याने तो शब्द मोठ्याने, सावकाश उच्चारला.

"वाच पुढं," डार्लीन म्हणाली.

ऑर्विल जरा अडखळला. मग तिनेच पुस्तक ओढून घेतले. "दलदली, नदीकाठ, रस्त्याकडेचे खंदक. सर्वत्र आढळते." तिने चष्म्यावरून पाहिले. "दुर्मीळ म्हणत होतास ना?"

"फार दुर्मीळ नाही," ऑर्विल म्हणाला.

जीनने सुटकेचा निःश्वास टाकून नाव तळहातावर लिहून घेतले आणि ट्रॅक्टर रद्द करायला गेला. अंगणात तिघे उरली. कुंपणापलीकडे वाफ्याच्या मधोमध एक लांबट, उघडा खड्डा होता, आणि तळाशी हळूहळू पाणी जमू लागले होते. डार्लीन त्याच्याकडे पाहत राहिली.

"आई इथं आली की म्हणायची, ओली जागा आहे, कुठलंही बी टाकलं तर कुजेल," ती म्हणाली. "आता काय लावणार तिथं?"

ऑर्विलच्या तोंडात शब्द तयार होता. पण तो गप्प राहिला, आणि हे त्याच्या आयुष्यातले सर्वांत अवघड मौन होते. लव्हॉनने त्याच्याकडे कौतुकाने पाहिले.

"दे मग यातलं थोडं," डार्लीन शेवटी कुरकुरत म्हणाली. "पण उपकार म्हणून नको. जागा रिकामी वाईट दिसते म्हणून."

ऑर्विलने फावडे रोवून एक गड्डा उचलला. गड्ड्याबरोबर पांढरी, दोरीसारखी मुळे मातीतून उसवत वर आली. एक पायवाटेखाली गेली होती, एक व्हरांड्याच्या दिशेने, आणि एक, त्याच्या डोळ्यांसमोर, कुंपणाखालून डार्लीनच्या टोमॅटोंकडे आधीच निघालेली होती. त्याने तिच्यावर अलगद बूट ठेवला.

डार्लीनने गड्डा दोन्ही हातांत घेतला, आणि चारी बाजूंनी संशयाने पाहिला.

"फार पसरत नाही ना रे हे?"

ऑर्विलने लव्हॉनकडे पाहिले. लव्हॉन आभाळ पाहत होती.

"थोडंसं," तो म्हणाला.